रांजणसाहेबांचा पट्टा

मेजरसाहेब बाथरूमचं दार लावत नाहीत. आत असले की शिट्टी वाजवतात, त्यावरून समजून घ्यायचं. बायकोने दाराला जाडजूड पडदा लावला, पाहुण्यांना सांगायला चार थापा तयार ठेवल्या आणि तीस वर्षं निभावून नेलं.

याचं मूळ एका पिठाच्या गिरणीत आहे. तेव्हा साहेब कॅप्टन होते, आणि अंगाने असे भरलेले की जवान माघारी त्यांना रांजण म्हणत. त्या दुपारी वायरलेसवाल्याचा पाय भर रस्त्यात गोळीने मोडला. वरून नुसता भडिमार चाललेला. तरी हा रांजण उलटा धावला, त्याला पाठीवर टाकून आणलं, त्याच्यासकट आपल्या पाचही जणांना गिरणीच्या तळघरात घुसवलं आणि स्वतः जिन्यावर बसून पाऊण तास शत्रूला दारातच थोपवून धरलं.

मग तोफगोळा पडला. जिना ढासळला, वाट बुजली. वरची पाण्याची टाकी फुटली ती थेट पिठाच्या पोत्यांवर. भिजलेलं पीठ दगडासारखं जड झालं. त्या भाराने तळघराच्या छताच्या फळ्या पोट आल्यागत खाली वाकल्या आणि फटींतून कणकेचे गोळे टपटप पडायला लागले.

सुटायला वाट एकच. भिंतीच्या तळाशी सांडपाण्याचं तोंड होतं, त्याला शेवाळलेलं लोखंडी कडं. कड्यापलीकडे गटार ऐसपैस, मागच्या ओढ्यात निघणारं.

कोणाचं लक्ष नसताना कॅप्टनने कमरेचा पट्टा काढला, नेहमीच्या भोकात अडकवला आणि ते वेटोळं कड्याला लावून पाहिलं. चार बोटं जास्त भरलं. त्याने पट्टा मुकाट्याने परत बांधला.

"रीत ठाऊक आहे ना?" तो म्हणाला. "आत शिरताना अधिकारी पहिला, बाहेर पडताना शेवटचा. चला, जखमी आधी."

खरं सांगितलं असतं तर एकाही गड्याने पाय उचलला नसता, आणि छत सहाही जणांवर बसलं असतं.

"साहेब, वजनदार माणसाने आधी जावं," एक जवान अडखळत म्हणाला.

"वजनदार माणूस खुर्ची शेवटीच सोडतो. शीर आत!"

एकेक करत चौघे गेले. राहिला हवालदार, वयाने मोठा, पलटणीचा आजोबा. त्याने टॉर्च कॅप्टनच्या कमरेवर मारला.

"साहेब, पट्ट्याला शेवाळ कसलं?"

"आजोबा, निघा म्हणतो ना. हुकूम आहे."

"निघतो. पट्टा द्या. पोराचा पाय बांधायचाय."

पाय केव्हाच बांधून झाला होता. दोघांनाही ते माहीत होतं. कॅप्टनने पट्टा दिला.

"मागोमाग येतो," तो म्हणाला, आणि त्यांना खरं वाटावं म्हणून शिट्टी वाजवायला लागला.

मग एकटा. एक फळी कडाडली. मानेवर थंडगार कणीक पडली. ओठ कोरडे, सूर फाटलेला, पण शिट्टी थांबवली तर फळ्यांची कुरकुर ऐकू यायची. किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी कड्यावर पलीकडून पहार आदळली. गटारात आजोबा पालथा पडला होता, हातात पट्ट्याचं वेटोळं.

"हे आत जाईपर्यंत फोडा रे! अजून दोन बोटं!"

कडं सुटलं, दगड निघाला, वेटोळं आत आलं.

"आता या, साहेब. खोटं बोलल्याचं नंतर बघू."

खांदे सोलवटून रांजण बाहेर निघाला. त्याचे पाय गटारात येतात न येतात तोच छत बसलं.

साहेब आता वाळून काटकी झालेत. तोच पट्टा त्याच भोकात अडकवला तर कमरेवरून घसरून पायांत येईल. शेजारणी म्हणतात, "अहो, आता कुठल्याही भोकातून निघतील, दार लावायला काय हरकत?" बायको हसते. पण बाथरूममधली शिट्टी थांबली की पोळी तव्यावर टाकून पडद्यापाशी जाऊन उभी राहते.

"अहो, आम्ही आहोत हो बाहेर."

क्षणभराने शिट्टी पुन्हा सुरू होते. मग ती करपलेली पोळी उलटते.