उंबऱ्याबाहेरचे बूट

मुळशी धरणाचं पाणी डोंगराच्या कुशीत शिरतं, तिथून वर पाहिलं की कारवीच्या रानात एक घर दिसतं. पावसाळ्यात घर दिसत नाही, नुसता त्याचा धूर दिसतो. ढग कुठला आणि धूर कुठला हे ओळखता आलं, की माणूस आमच्या मुलखातला झाला. ते घर गोजराबाई मरगळे हिचं. मी खालच्या वाडीतला, तिच्या म्हशींच्या दुधावर वाढलेला. तेव्हा तिची गोष्ट मीच सांगायची.

आमच्याकडच्या धनगरांचं घर एका छपराखाली असतं. डाव्या अंगाला म्हशी, उजव्या अंगाला माणसं, मध्ये एक आडवं लाकूड. पावसाळ्यात वारा असा घोंगावतो, की उघड्यावर वेगळा गोठा तगत नाही. म्हशींच्या उबेवर माणसं निजतात आणि माणसांच्या बोलण्यावर म्हशी रवंथ करतात.

नवरा वारल्यावर त्या घरात दोघीच होत्या, गोजराबाई आणि तिची सासू सुंदरा. ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सुंदराचे गुडघे धरले. जमिनीवर बसली की उठता येईना.

"गोजरे, मला उचलून म्हशीच्या पाठीवर ठिव," ती म्हणायची. "तितं तरी वल लागायची न्हाई."

गोजराबाईनं दोन बकऱ्या विकल्या आणि पौडाला हैबतरावाच्या दुकानात पलंग ठरवला. विमा कंपनीचं कामही हैबतरावच बघायचा.

"अस्सल सागवान हाय, बाई," तो म्हणाला. "वर एक वर्षाचा विमा. वारा, पानी, आग, काय बी हू दे, कंपनी भरून देती."

गडी घेऊन तो स्वतः चढण चढून आला. पलंग बांबूला बांधून आणलेला. म्हशींच्या पुढ्यातून वाट काढत त्यानंच तो देव्हाऱ्याशेजारी लावला, तांब्याभर दूध प्यायला आणि मिशा पुसत उतरून गेला. सुंदरा पलंगावर बसली, तेव्हा तिचे पाय जमिनीला पुरेनात. लहान पोरीसारखी ती पाय हलवत बसली.

आषाढात वादळ झालं. देव्हाऱ्यावरची कौलं उडाली आणि रात्रभर पलंगावर धार लागली. आठवडाभरात पलंगाचा वरचा पापुद्रा सुटला, पाय फुगले आणि एके सकाळी सुंदरासकट तो खाली बसला.

"सागवान लाजलं बग," सुंदरा जमिनीवरून म्हणाली.

गोजराबाईनं भरपाई मागितली, तसा कंपनीचा तपासनीस आला. नाकाला रुमाल लावून त्यानं अंगणातूनच आत डोकावलं. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "अच्छा, गोठा आहे तर," असं म्हणून तो उतरला. मग कंपनीचं उत्तर आलं, ते मीच वाचून दाखवलं. विमा घरातल्या सामानाचा होता, गोठ्यात ठेवलेल्या सामानाची भरपाई मिळणार नाही.

गोजराबाईनं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "पलंग ऱ्हाऊ दे. माझं लगीन ह्या चुलीपुढं झालं. धनी ह्याच मेढीच्या खांबापाशी गेलं. ते समदं गोठ्यात झालं व्हय?"

त्या दिवसापासून पलंगाचं भांडण मागे पडलं. तिला घराचं नाव परत हवं होतं.

हैबतरावानं हात झटकले. "साहेब म्हणतो गोठा, तर गोठाच. मी काय करू?"

मग आम्ही एसटीनं पुण्याला कंपनीच्या कचेरीत गेलो. कचेरीतल्या कारकुनानं उद्या या म्हटलं, की गोजराबाई खरंच दुसऱ्या दिवशी हजर. अंगावर ओलं घोंगडं, त्याचा वास खोलीभर. शेवटी मोठे साहेबच बाहेर आले.

"तुमचा मानूस उंबऱ्याच्या आत आलाच न्हाई," ती म्हणाली. "अंगनातनं घर दिसतं, पर कळतं का? एकदा आत या. मग गोठा म्हना, मी तोंड उघडायची न्हाई."

साहेब काही कोडगे नव्हते. श्रावणातल्या एका दुपारी हैबतरावाला सोबत घेऊन ते चढण चढले. दोघेही नखशिखांत भिजले होते. दारात येताच साहेबांना पुढचं सारवण दिसलं, देव्हाऱ्यातला दिवा दिसला. त्यांनी वाकून बूट काढले. मागून हैबतरावानंही चपला सोडल्या.

गोजराबाईनं त्यांना चुलीजवळ बसवलं, गरम दूध दिलं. म्हशी संथपणे रवंथ करत होत्या. साहेबांनी घसा साफ केला.

"हे बघा बाई, नियम असा आहे की जिथं जनावरं बांधली जातात..."

"साहेब," गोजराबाई म्हणाली, "तुमचं बूट कुटं हायेत?"

साहेबांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"काढा म्हनून कुनी सांगितलं न्हवतं. गोठ्यात शिरताना कुनी पायतान काढतं का? आमी तर न्हाई काढत."

तोच कोपऱ्यातून सुंदरा खदखदली, "आगं, हैबत्याच्या बी चपला भायेरच हायेत!"

साहेब हसले. असे हसले, की हातातलं दूध सांडलं. "घरच आहे हे, बाई," ते म्हणाले. "तसंच लिहितो."

मग ते मोडक्या पलंगाकडे वळले. नखानं पापुद्रा ओढला, तर आतून पांढरं, भुसभुशीत लाकूड निघालं. "हैबतराव, हे सागवान?" हैबतरावाला खोकला आला.

"सागवान म्हणून विमा तुम्ही उतरवलात, तेव्हा सागवान तुम्हीच द्यायचं. नाहीतर उद्यापासून कंपनीचं काम दुसरा कुणी बघेल."

भाद्रपदात उघडीप पडली आणि चढणीवर बांबूंचा करकराट ऐकू आला. खऱ्या सागाचा पलंग होता. गडी चारचारदा टेकत होते. एका बांबूखाली स्वतः हैबतराव. वाडी सगळी वर येऊन अंगणाच्या बांधावर उभी राहून बघत होती आणि मीही त्यांच्यात होतो. उंबऱ्यापाशी हैबतराव थांबला. खांद्यावर ओझं, तरी एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल ढकलून काढली, मग दुसरी.

"कुटं ठिवायचा, बाई?" त्यानं विचारलं.

गोजराबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "घरात."