पेटीचा उपास

ठाकूरद्वाराच्या अंगाला एक ख्रिस्ती वाडी आहे. लाकडी जिने, कौलारू छपरं, मधोमध चुना दिलेला क्रूस. रस्त्याचा गलका गल्लीच्या तोंडाशी येतो आणि परक्या पाहुण्यासारखा तिथंच उभा राहतो. त्या क्रूसासमोरच्या घरात लुद्विनाबाई मिरांडा नवरी म्हणून आली आणि नव्वदी ओलांडून गेल्या पावसाळ्यात तिथूनच देवाघरी गेली.

नवरा गोदीत फिटर. घर बेताचं, पण बाई कलेनं झपाटलेली. नाताळात बाळ येशूच्या गोठ्यामागचा बेथलेहेमचा डोंगर तीच रंगवायची, जुन्या चादरीवर, आणि त्यात हटकून एक माड उभा करायची. लग्नात बाया नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवर उंबराचं पाणी आणायला निघाल्या की पहिलं गाणं ती उचलायची. देवळात ऑर्गन तिचा. घरी बापानं आंदण दिलेली पायपेटी, पायानं भाता मारायची आणि बोटांनी वाजवायची. लेक जेसिंता कडेवर असताना नाटकगृहाच्या मागच्या भिंतीशी उभी राहून ती नाट्यपदं ऐकायची. घरी आली की तेच पद पेटीवर, आणि त्याच्या पाठीवर देवमातेचं गीत. त्यात काही वावगं आहे असं तिला मरेपर्यंत वाटलं नाही.

पण राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा पहिला दिवस, उजाडला की तिचे सूर बंद. उपासकाळात लोक मटण सोडत, कुणी दारू सोडे. लुद्विनाबाईनं संगीत सोडलं होतं. ईस्टरपर्यंत घरात गुणगुणणंसुद्धा नाही. देवळातही तेवढे दिवस ऑर्गनवर दुसरं कुणी बसे. फादर प्रवचनात तिचं उदाहरण देत.

जेसिंता आठवीत होती तेव्हा शाळेच्या संमेलनात तिला एकटीला गाणं मिळालं होतं. संमेलन उपासकाळात आलं. आय म्हणाली, "जेसे, देवाला दिलंय ते परत मागायचं नसतं." जेसिंता त्या दिवशी घरी राहिली आणि पुढे कधीच कुठं गायली नाही. टेलिफोन खात्यात तिचा जन्म गेला, दुसऱ्यांचे आवाज जोडण्यात.

म्हणून तिच्या मनात एक काटा होता. दरसाल त्याच बुधवारी फणसवाडीतला दौलत हातगाडी घेऊन यायचा, आणि आय म्हणायची, "पेटी दुरुस्तीला चाललीय." उपासकाळातच बिघडणारी पेटी कसली? आणि त्या दिवसांत दर शुक्रवारी देवळातली क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून सगळी वाडी घरी परतायची, आय तेवढी उशिरा. गाल तांबूस, नजर भलतीकडे. जेवताना टेबलाखाली तिचे पाय हलत असायचे.

"काय गं, पायांना काय झालं?"

"गोळे येतात."

गोळे तालात येतात हे जेसिंतानं दुसरीकडे कुठं पाहिलं नव्हतं. पण विचारायचं धाडस झालं नाही. आईनं चोरून वाजवलं असेल, तर आपला गळा कशापायी मिटला, हा प्रश्न तिला उत्तरासकट नको होता.

यंदा राखेच्या बुधवारी ती कपाळावर राख घेऊन देवळातून आली, तर दारात हातगाडी.

"पेटी न्यायला आलो, जेसीबाई."

"आय गेली, दौलत. आता कसली दुरुस्ती?"

"दरसाल नेतो."

"करतं कोण दुरुस्ती?"

दौलत दोरखंडाची गाठ न्याहाळू लागला. "नाना बघतात."

"मग मीपण बघते," ती म्हणाली आणि छत्री उचलून गाडीमागून निघाली. पाऊस नव्हता, पण हातात काही असलेलं बरं.

फणसवाडीतल्या एका चाळीच्या तळमजल्यावर तालमीची खोली होती. रामनवमीच्या उत्सवात वाडीतली मंडळी दरसाल संगीत नाटक करीत, त्याची तालीम. सतरंजी, तबला, भिंतीला टेकवलेलं लाकडी धनुष्य. बाकावर नाना बसले होते, आईच्याच पिढीतले. पेटी बाकापुढे ठेवून दौलत चहाच्या निमित्तानं सटकला.

"दुरुस्तीचं काय लागतं हिला?" जेसिंतानं विचारलं.

"काही नाही. धडधाकट आहे."

"मग दरसाल खोटं बोलून आणलीत?"

"खोटं ती बोलायची. आम्ही नुसती गाडी पाठवायचो." नाना हसले, पण ती हसेना. तेव्हा ते म्हणाले, "ती म्हणायची, उपास माझा आहे, पेटीचा नाही. चाळीस दिवस भाता हलला नाही तर चामडं वाळतं, चिरतं. म्हणून पेटी आमच्याकडे जेवायला पाठवायची."

"आणि वाजवायचं कोण?"

"मी."

जेसिंतानं खाली पाहिलं. धोतराखाली नानांचे पाय काडीसारखे, लहानपणीच पोलिओनं वाळलेले. कुबड्या बाकाला टेकलेल्या.

"या पायांनी?"



"एरवी मंडळी पाळीपाळीनं भाता मारतात, सायकल मारल्यासारखा," नाना हळू म्हणाले. "पद कुठं श्वास घेतं ते त्यांच्या पायांना कळत नाही. शुक्रवारी मात्र पाय तिचे. माझ्या शेजारी बसायची. मी हातपेटीवर जन्म काढला, पायपेटी मला तिच्या पायांनी दिली."

"म्हणजे तिनं उपास मोडला."

"बोटं जपमाळेत गुंडाळलेली असायची, बाई. एकदा माझा सूर घसरला, तर माळेसकट तिचा हात पट्ट्यांपर्यंत आला. आणि तिथूनच मागं गेला. मी पाहिलंय."

"तुम्ही तिची बाजू घेणारच."

"घेईन. पण मोडला की पाळला ते मला विचारू नका. मी रामाचा माणूस, तुमच्या उपासाचा कायदा मला काय ठाऊक."

जेसिंता उभीच राहिली. हात मागं घेतला, तो हातही आयचा आणि भाता मारणारे पायही आयचे. बोटं उपाशी आणि पाय जेवलेले, असल्या बाईला काय म्हणावं? फादरना विचारावं तर फादर काहीतरी सांगतील, आणि ते पुन्हा जन्मभर सोसावं लागेल.

"भाता चिरलाय का, तेवढं बघते," ती म्हणाली आणि नानांशेजारी बसली. पर्समधली जपमाळ काढून तिनं बोटांना घट्ट गुंडाळली. मग पाय टेकला.

पेटीनं दीर्घ श्वास घेतला. नानांनी पद धरलं. पहिल्या ओळीला तिचा पाय चुकला, दुसऱ्या ओळीला थांबला, तिसरीत कुठं थांबायचं ते त्याला आधीच कळलं. जेवणाच्या टेबलाखाली कितीतरी वर्षं पाहिलेलं होतं ते. ओठ मिटलेले होते. गळा मात्र आतल्या आत हलला, आणि तिनं तो हलू दिला.

दौलत चहा घेऊन आला. "परत कधी पोचवू, जेसीबाई?"

"ईस्टरला," ती म्हणाली. "आणि तोवर दर शुक्रवारी मी येऊन बघणार. माझा तुमच्यापैकी कुणावर भरवसा नाही."