बाबांनी बसवलेले ट्रॅकचे टायर

मेहकरच्या बस डेपोत बाबांनी तीस वर्षं टायर बसवले. मी तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि मला गाडी जोरात चालवायला आवडतं. म्हणून दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर हौशी चालकांसाठी दोन दिवस ठेवलेत असं कळलं, तेव्हा मी लगेच माझ्या छोट्या हॅचबॅकचं नाव नोंदवलं. बाबांना नंतर सांगितलं.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "टायर कोणते टाकशीन?"

मी मोबाइलवर सेमी-स्लिक टायरचा फोटो दाखवला. मऊ रबर, खाचा अगदी थोड्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"माय, हे तं घिसलेलं हाय."

कोरड्या रस्त्यावर खाचा जितक्या कमी तितकं जास्त रबर जमिनीला लागतं, आणि मऊ रबर जास्त धरतं, असं मी समजावलं. ते पटलं. पण मी दोनशे पंधरा मिलिमीटर रुंदीचे टायर मागवणार आहे म्हटल्यावर ते टेप घेऊन अंगणात गेले. रिम मोजली, स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावून चाकाची कमान मोजली.

"रिम सहा इंची हाय. रुंद टायर फुगून बसन, कडा वळणात लोळतीन. अन् आतून घासन ते वेगळंच. एकशे पंच्याण्णव घे."

मी दोन दिवस वाद घातला आणि एकशे पंच्याण्णव मागवले.

टायर कुरिअरने आले. बाबांनी रबरात नख रोवलं, त्याची खूण उमटली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग चाकांची बैठक, म्हणजे अलाइनमेंट, लावायला आम्ही खामगावला गेलो. पुढची चाकं वरून थोडी आत झुकलेली हवी होती, म्हणजे वळणात गाडी कलली की टायर सपाट टेकतो. त्यासाठी खास बोल्ट बसवले. अलाइनमेंटवाला पडद्याकडे बघून कासावीस झाला.

"ताई, मशीन लाल दाखवून राह्यली. मी हिरवं करून देतो."

"लालच राहू द्या," बाबा म्हणाले. तो आमच्याकडे आणि मशीनकडे आळीपाळीने पाहत राहिला.

नवे टायर तशाच चार जादा रिमांवर चढवून मागच्या सीटवर रचले आणि रोजच्या टायरांवर आम्ही दोन दिवसांत ट्रॅकवर पोचलो. बाबांनी जॅक लावून चाकं बदलली, हवा बत्तीस भरली आणि प्रत्येक टायरच्या मधल्या पट्टीपासून कडेच्या खालपर्यंत खडूने आडवी रेघ ओढली. शेजारच्या महागड्या गाडीवाल्याला वाटलं, पूजा चालली आहे.

पहिले दोन राउंड गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी पळाली. पाचव्या राउंडला उजवीकडच्या लांब वळणात पुढची चाकं सरळच सरकायला लागली. मी घामाघूम होऊन परत आले.

"टायर खराब आहेत बाबा. हवा वाढवा."

त्यांनी हवा मोजली. चाळीस. मग खडूची रेघ दाखवली, कडेला ती जशीच्या तशी होती.

"पाह्य. टायर फुगून नुसतं मधल्या पट्टीवर चालून राह्यलं. कड टेकलीच नाई. गरम झाल्यावर हवा वाढते, हे तुले मी सांगू?"

हा नियम मी दरवर्षी अकरावीला शिकवते. कान गरम झाले. त्यांनी चारही टायर गरम असतानाच हवा चौतीसवर आणली आणि रेघा नव्याने ओढल्या. पुढच्या फेरीत रेघ कडेपर्यंत पुसली गेली, तिच्या खाली नाही. माझी वेळ तीन सेकंदांनी उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी बसायला परवानगी होती. बाबांनी आधी नको म्हटलं, मग स्वतःच हेल्मेट मागून घेतलं. पूर्ण राउंड त्यांची नजर समोरच्या रस्त्यावर होती. दरवाजाचा दांडा मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

गाड्या थांबवायच्या जागी, पिटमध्ये, आल्यावर मी विचारलं, "भीती वाटली का?"

"नाई. पन तू त्या लांब वळणाच्या आधी ब्रेक काऊन एवढ्या लौकर दाबतं?" ते म्हणाले. "चाल, आनखी एक घेऊ."