आबांच्या घराची ओळ

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात मला पाठीमागे 'दशांशबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे आखणारं एक सॉफ्टवेअर असतं आणि त्याला एक्सेलच्या फायली साफसूफ करून भरवायच्या, हे माझं काम. सॉफ्टवेअर भलतंच सोवळ्याचं आहे. रकान्याचं शीर्षक जरा बदललं, दोन चौकोन कुणी जोडून टाकले, उंचीच्या आकड्यापुढे हौसेने 'मीटर' लिहिलं, की अख्खी फाइल तोंडावर फेकतं. आमचे पाहणीवाले कधी कधी आकडे मराठीत टाइप करतात. आपल्याला ते छान दिसतात, त्याला ती नुसती अक्षरं वाटतात. एकदा तर अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या रकान्यात गेले आणि शिंदखेड्याकडचं एक गाव थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडलं. त्या दिवशी मी इतकी बोलले, की पाहणीवाल्याने जेवणाचा डबा न उघडता घरी नेला.

या फायलींमध्ये एक घरांची असते. चक्कीच्या आसपास जी जी घरं आहेत त्यांची एकेक ओळ. घराची जागा, उंची, राहणारी माणसं, शेवटी शेरा. माणसं राहत असतील तर सॉफ्टवेअर त्या घराभोवती एक वर्तुळ काढतं आणि त्या वर्तुळात चक्की बसू देत नाही. पात्यांचा आवाज आणि त्यांची फिरती सावली घरापासून लांब राहावी, एवढाच त्याचा अर्थ. पण राहणाऱ्यांच्या रकान्यात शून्य असेल, तर ती ओळ सॉफ्टवेअरला भरवण्याआधीच गाळायची असते. गोठे, पंपघरं, पडकी खोपटं अशी सगळी त्या गाळणीत जातात. मी गाळणी लावते, ओळी नाहीशा होतात, आणि मी चहाला जाते.

त्या दिवशी गाळलेल्या ओळींवर सहज नजर फिरवली आणि एक शेरा वाचून थांबले. 'मालक भेटले. घरात कोणी नाही असे सांगितले.' जागेचे आकडे पाहिले. माहेरच्या वाटेचे आकडे मला पाठ आहेत असं नाही, पण नकाशावर टाकल्यावर नाल्याचं वळण दिसलं, विहीर दिसली, पत्र्याचं छप्पर दिसलं. ते आबांचं घर होतं. माझे वडील तिथे राहतात. जन्मभर तिथेच राहिले आहेत.

आधी मला हसू आलं. आमच्या भागातल्या पुरुषांची ही जुनी खोड आहे. बायको घरात नसली की घरात कोणी नसतं. आई धरणगावला तिच्या माहेरी गेली, की दारात आलेल्या पाहुण्याला आबा ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचे, घरमा कोनी नही. पाहुणा बिचारा चहा न घेता परत जायचा. घरात आम्ही भावंडं असायचो, आजोबा खाटेवर खोकत असायचे, खुद्द आबा तर समोरच बसलेले, तरी घरात कोणी नाही. आई परत आल्यावर यावरून त्यांना घालूनपाडून बोलायची आणि ते मिशीत हसायचे.

पण आता आई कुठे गेलेली नव्हती. गेल्या पोळ्याच्या आधी जळगावच्या दवाखान्यात ती वारली. तेव्हापासून आबा शेतातल्या घरात एकटे आहेत. मी त्यांना धुळ्याला आणलं होतं. खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारखे बसून राहिले आणि दोन दिवसांनी बस धरून परत गेले. तर हा शेरा लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. शेतात भेटलेल्या म्हाताऱ्याने घरात कोणी नाही म्हटलं, पाहणीवाल्याने मालक गावात राहतो असं समजून शून्य टाकलं. आणि जिथे आखणीत चक्की बसली होती, ती जागा आबांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर होती.

मी लगेच फोन लावला. आबा, तुम्ही असं कसं सांगितलं, म्हणून विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"मंग काय सांगू? कोनी शे का घरमा?"

"तुम्ही आहात ना."

"मनं काय," आबा म्हणाले. म्हणजे, माझं काय धरायचं.

मी त्यांना समजावलं. चक्की येईल, रात्रभर घरघर ऐकू येईल, सकाळी अंगणात पात्यांची सावली फिरत राहील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येऊ दे. कोनले तरास व्हई?" मला इतका राग आला, की मी फोन ठेवून दिला. आई गेली ती गेली, आणि आता हा माणूस स्वतःचीही ओळ गाळून मोकळा झाला होता. माझा तो राग चक्कीचा नव्हता. आम्ही भावंडं त्यांना दिसत नाही का, याचा होता. आणि त्याच्याही खाली नुसती भीती होती. असं बोलणारी माणसं फार दिवस राहत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, की हे माझ्या वडिलांचं घर आहे आणि शून्य चूक आहे. साहेब भला माणूस आहे, पण नियमाचा पक्का. म्हणाले, मग त्या ओळीला तुम्ही हात लावायचा नाही. दुसरा माणूस पुन्हा जाऊन विचारेल, तो जे लिहून आणेल तेच टाइप करायचं. आणि वडिलांना काही शिकवून ठेवू नका. बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर याहून जास्त कडक बोलले असते.

आमच्याच ऑफिसातले एक वयस्क पाहणीवाले, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते पाहणीला निघाले. वाट दाखवायला मला सोबत घेतलं, बोलायचं नाही या अटीवर. अख्ख्या रस्त्याने मी एकच हिशेब करत होते. भाऊ विचारणार, इथे कोण राहतं. आबा म्हणणार, कोनी नही. भाऊ शून्य लिहिणार. आणि मला स्वतःच्या हाताने ती ओळ दुसऱ्यांदा गाळावी लागणार.

आबा ओट्यावर होते. मला पाहून उठले, पाण्याचा तांब्या आणला. घर झाडलेलं होतं. आईची लुगडी दोरीवरून कधीच काढलेली, पण दोरी तशीच होती. भाऊंनी कागद काढला, रामराम केला आणि चालू गप्पांत विचारावं तसं विचारलं, "आबा, या घरात किती माणसं राहतात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाल्याकडे पाहू लागले. मला बोलायचं नव्हतं आणि त्यांच्याकडे बघितलं असतं तर मी बोललेच असते. कोनी नही म्हणायला माणसाला एवढा वेळ लागत नाही, एवढंच मला सुचत होतं.

"दोन जन ऱ्हातस," आबा म्हणाले.

भाऊंनी दारातून आत नजर टाकली. आत एकच खाट होती. मग त्यांनी काही न विचारता लिहिलं, आबांनी पुढे केलेला चहा घेतला आणि आम्ही निघालो. चहा आबांनी स्वतः केला होता. साखर फार पडली होती.

गाडीत बसल्यावर भाऊंनी विचारलं, की दुसरं कोण. मी सांगितलं, आई. गेल्या वर्षी गेली. भाऊंनी कागद पुन्हा काढला आणि पेन उघडलं. "ताई, दोनाचं एक करू का?" म्हणाले. मला एरवी अशा वेळी क्षणभर लागत नाही. चुकीचा आकडा तो चुकीचा. पण खिडकीबाहेर कपाशीची वाळलेली शेतं जात होती, ती मी बघत राहिले. भाऊंनी पेन खिशाला लावलं. एक काय, दोन काय, वर्तुळ तेवढंच निघतं, असं काहीसं पुटपुटले.

साहेबांना मी ते दोनचं खरं सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, लिहून आलंय तेच टाका. मी दोन टाकला. सॉफ्टवेअरला फाइल भरवली, त्याने एकही चूक दाखवली नाही. आबांच्या घराभोवती वर्तुळ उमटलं आणि चक्की नाल्यापलीकडच्या माळावर सरकवावी लागली. आखणीवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण तिथेही वारा चांगला होता.

संध्याकाळी आबांना फोन केला. सांगितलं, चक्की लांब गेली, तुमचं घर नकाशात आलं.

"तुनी मायनं नाव लिखं ना?" त्यांनी विचारलं.

आमच्या फायलीत नावाचा रकाना नसतो. कुणाचंच नाव लिहीत नाहीत, फक्त आकडा.

"लिहिलं, आबा," मी म्हटलं.

"मंग बरं शे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी ऑफिसच्या जिन्यात बसले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.