हँडब्रेक कोणी ओढला

ब्रेकचं काम करून आणलेल्या गाडीत दुसऱ्याच दिवशी ब्रेकचा लाल दिवा लागला, आणि मला मनातून बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. बाबांच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यायची म्हणून मी आठ दिवसांची रजा टाकून कोल्हापूरहून आचऱ्याला आले होते. चार दिवस उलटले तरी तोंड उघडायचं धाडस झालं नव्हतं. आता आयतंच कारण मिळालं.

बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, आंब्याच्या पेट्या घेऊन किती वेळा घाट चढले त्याची गणती नाही. आता अठ्ठ्याहत्तरी गाठली, साखरेचा आजार आहे, आई गेल्यापासून घरात एकटेच. विहिरीचा पंप चालू ठेवून बाजारात गेल्याचं शेजारणीने फोनवर सांगितलं होतं. फाटकाच्या खांबाला गाडी घासली, तेही तिनेच सांगितलं. दर रविवारी मात्र ते स्वतः गाडी काढून तोंडवलीला आत्याकडे जात. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं, आणि तेच मी बंद करायला निघाले होते.

त्या रविवारी दहा वाजता ते परत आले आणि खाली न उतरताच म्हणाले, "गो, ह्यो दिवो बघ. जाताना पण होतो, येताना पण आसा."

मी वाकून पाहिलं. गोल, मध्ये उद्गारचिन्ह, लालभडक. माझा निकाल तयारच होता. "बाबा, हँडब्रेक ओढून ठेवला असणार तुम्ही. विसरलात."

"मी हँडब्रेक ओढूक नाय."

"आठवत नसेल तुम्हाला."

"अगो, माझ्या गाडयेक मी कधी हँडब्रेक लावलंय काय?"

हे खरं होतं. आमच्या किनाऱ्यावर जुन्या गाडीचा हँडब्रेक सहसा कोणी ओढत नाही. खाऱ्या वाऱ्याने केबल गंजते, एकदा ओढली की सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागे जांभ्या दगडाचा चिरा लावायचा, ही इथली रीत. बाबांचा चिरा तर अंगणात ठरलेल्या जागी असतो. पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पंप सांगितला, खांब सांगितला, चार दिवस साठवलेलं सगळं एका दमात ओतलं. बाबा पुन्हा एकदा "मी ओढूक नाय" म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

कट्टा गावातल्या गॅरेजच्या मेस्त्रीला फोन केला. आदल्या दिवशी त्यानेच पुढच्या ब्रेकचे पॅड बदलून दिले होते. "दिवो लागलेलो आसताना गाडी आणू नकात, मीच येतंय," म्हणाला, आणि दुपारी मोटारसायकलवरून आला.

त्याने आधी बॉनेट उघडून ब्रेकचं तेल पाहिलं. तेल बरोबर होतं. तेलाच्या डबीवरची वायर काढली, दिवा तसाच. मग आत येऊन हँडब्रेकच्या दांडीखाली हात घातला, तिथली वायर काढली आणि दिवा विझला. दांडी वरून खाली दिसत होती, पण पुरती बसलेली नव्हती. अर्धं बोट वर राहिली होती.

"कोणीतरी जोरान ओढल्यान. केबल अडाकली," तो म्हणाला. मी बाबांकडे पाहणार, तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताईनू, काल तुमका सांगलेलंय मां, नवी केबल येयपर्यंत हँडब्रेक ओढू नकात म्हणान?"

सांगितलं होतं. मी तेव्हा फोनवर बोलत होते, मान डोलावली होती. संध्याकाळी गाडी फाटकाशी लावली आणि कोल्हापूरच्या सवयीने हँडब्रेक खसकन ओढला. सकाळी गाडी सावलीत घेताना तो खाली टाकला आणि दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं. "बाबा, मीच ओढला होता. मीच विसरले," असं मेस्त्रीसमोरच म्हटलं. बाबा ओट्यावरून उठले, गाडीजवळ आले आणि ऐटीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

मेस्त्रीने मागचं चाक जॅकवर उचललं, खाली शिरून केबल मोकळी केली. चाक हाताने गरगर फिरवलं. "काका, आता ब्रेक दाबा."

"दाबलंय."

चाक फिरतच होतं. "दाबा मां, काका."

"दाबलंय रे!"

मी उघड्या दाराशी उभी होते. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, पार तळापर्यंत दाबलेला. इंजिन बंद होतं म्हणून आवाज नव्हता. बाबांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि मग स्वतः खाली वाकून पाहिलं. पाय उचलून ब्रेकवर ठेवला. चाक थांबलं.

"बरोबर आसा," मागून मेस्त्री म्हणाला. त्याला काहीच दिसलं नव्हतं. केबल आली की कळवतो म्हणाला, हात धुतले, चहा घेतला आणि गेला.

मी बरोबर ठरले होते, आणि मला रडू येत होतं. काहीच पाहिलं नाही असं दाखवावं, असंही वाटून गेलं. बाबा तसेच गाडीत बसून होते.

"माका पाय खंय आसा ता कळणा नाय," ते म्हणाले. "दोन-तीन म्हयने झाले. बघून ठेवतंय."

मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. तू मागली असतंस, तर दिली नसती."

मी घेतली. माझ्या रजेचे चार दिवस उरले होते. त्यानंतरच्या रविवारी त्यांना तोंडवलीला कोण नेणार, हे आम्हा दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.