काळी न झालेली चूल

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही मुंबई सोडून नवीन पनवेलला राहायला आलो. नवरा ऑफिसला गेला की दहा वाजताच मी मोकळी. मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा जन्माचा रोग. त्यामुळे कॉलनीतल्या पाच-सहा बायकांनी खेड्यात निर्धूर चुली बांधून द्यायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे. दर शनिवारी एसटीने गव्हाणला जायचं, साच्यात माती थापायची आणि धुराचा पाइप छपरातून बाहेर काढायचा. लाकूड कमी जळतं, धूर घरात राहत नाही. काम फुकटचं, पण आमचा तोरा बघण्यासारखा होता.

पहिली चूल बसवली ती मिठागरात राबणाऱ्या एका काकींकडे. त्यांना खोकला असा, की एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागे. पावसाळ्याच्या आत यांना धुरातून बाहेर काढायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

महिन्याने गेले तर चुलीचं तोंड काळंकुट्ट, राख बाहेर सांडलेली. माझं टाळकं सरकलं.

"काकी, एवढ्या हौसेने बांधून दिली आणि काय दशा केलीत हो! उद्या चार माणसं बघायला आली तर त्यांना काय दाखवू?"

त्या पदरानेच चूल पुसायला लागल्या. परतताना मला चुटपुट लागली, पण स्टँडवर रिक्षावाल्याशी भांडण्यात ती विसरले.

माणसं खरोखरच आली. आषाढात सुकापूरच्या महिला मंडळाला आमच्यासारख्या चुली बांधायच्या होत्या, म्हणून वाटेत काकींच्या खोकल्याची हकिगत सांगत त्यांना मी काकींकडे घेऊन गेले. चूल गेरूने सारवलेली, भोवती रांगोळी, वर हळदकुंकू. "किती छान राखलीय!" पाहुण्या म्हणाल्या. मी फुगले. पण एका जागी उभी राहीन तर ती मी कसली! बोलता बोलता पाइपला हात लावला. जेवणवेळ झालेली आणि पाइप गार. चुलीत चिमूटभरही राख नव्हती.

मागच्या पडवीतून धुराचा वास येत होता. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवी चारी बाजूंनी गोणपाटांनी बंद केलेली. आत तीन दगडांवर भात रटरटत होता, ओली लाकडं धुमसत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मागून काकी आल्या.

"तुमी वरडलात ना, काली झाली म्हून," त्या हळूच म्हणाल्या. "तवापासून आमी हितंच रांधतो. तुमची चूल आता चांगली हाय ना, बाय?"

म्हणजे आधी निदान मोठ्या घरात धूर होता. मी त्यांना या कोंदट खोपटात आणून बसवलं होतं. मला स्वतःची शिसारी आली.

"काकी, होऊ दे काळी. आत्ताच्या आत्ता तिथे पेटवा."

"आता नको. पाव्हणी हायती."

खोकल्याची उबळ आली तशी त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेरून पाहुण्यांनी विचारलं, "ताई, खोकला कमी झाला का हो त्यांचा?"

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. आयुष्यभर मला गप्प बसता आलं नाही, त्या दिवशीही आलं नाही.

"हो," मी म्हणाले. "खूपच."