कपबशीवर न मारलेला शिक्का

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हात धानाच्या बांधीच्या चिखलातच राहिला. जे लिहायला बसले ते मी कोणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. वनिताजवळ, माझ्या लेकीजवळ, तर नाहीच.

वनिता तेव्हा चौथीत होती. आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा बाईसाठी निघाली आणि शोभाबाई उभी राहिली. शोभाबाई बौद्ध मोहल्ल्यातली. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आम्ही एकाच टोळीत, एकाच ओळीत वाकून पऱ्हे लावायचो. "निवडून आली तं खुर्चीवर बसून रोवणा लावन मी, पाहजा!" असं ती म्हणायची आणि साऱ्या बाया हसायच्या. मीही हसायची.

तिची निशाणी कपबशी. वनितानं आमच्या भिंतीवर कोळशानं कपबशी काढली — कपाचा कान मोठा, बशी अगदीच लहान. तिच्यासमोर पतंगाची निशाणी घेऊन आमच्या जातीची एक बाई उभी होती. पण मी शब्द दिला होता. शोभाबाईला दिला, लेकीला दिला. मग?

नवऱ्याच्या भीतीनं मोडला म्हणू? इथंही तसंच लिहिणार होते. पण ते खरं नाही. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं. ते बैलांना तणस टाकत होते. वळूनही न पाहता म्हणाले, "तुले वाटन तेथं मार शिक्का. मले काऊन विचारून राहिली? मत का माह्या बापाचं हाये?"

म्हणजे मला कोणाची आडकाठी नव्हती. शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. शिक्का कपबशीवर नेला — आणि डोळ्यापुढे ती खुर्ची आली. शोभाबाई खुर्चीवर, आणि मी काही दाखला मागायला तिच्यापुढे उभी. चिखलात ती माझ्या बरोबरीची चालत होती. खुर्चीवर चालेना. का? ती बौद्ध मोहल्ल्यातली होती म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं, किती शोधलं तरी सापडत नाही. शिक्का पतंगावर मारला, कागदाची घडी केली, पेटीत टाकली.

शोभाबाई पडली. वनिता रडत घरी आली. "माय, बाबानं तुले पतंगाले द्याले लावलं का?" — असं तिनं विचारलं. इतक्याशा पोरीला हे कोणी शिकवलं असेल? मी नुसतं नाही म्हणू शकले असते. पण तोंडून निघालं, "त्यायनं सांगतलं होतं. म्या आयकलं नाही. कपबशीवरच मारला."

तिचं रडणं थांबलं. माझ्याकडे तिनं जसं पाहिलं, तसं मला जन्मात कोणी पाहिलं नव्हतं. ती नजर मला सोडवेना. पुढे ती पुन्हा पुन्हा विचारायची, आणि मी दर वेळी थोडं वाढवून सांगायची.

तेवढ्या खोट्यावर पोरगी उभी राहिली. एका लग्नात शोभाबाईला वेगळं बसवलं तर ही भरल्या ताटावरून उठली. गोंदियाला कॉलेजात गेली, तिथं सभेत बोलली — माझ्या आईनं घरच्यांना न जुमानता मत दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आणि बापाशी? कामापुरतं. ते मला विचारायचे, "पोरगी काऊन अशी तुटक बोलते? मी काय केलं?" मी चुलीत फुंकर घालत बसायची.

तिचं पहिलं मतदान आलं तेव्हा आम्ही तिघंही सोबत गेलो. बोटाला शाई लावून ती बाहेर आली. ते सायकल धरून उभे होते. "झालं का, बेटा?" त्यांनी विचारलं.

"कोणाले देलं ते विचारजा नोका, बाबा. मी मायची पोरगी हाओ."

"म्या कायले विचारू?" ते हसले. ती पुढे निघून गेली. तिच्या पाठीकडे पाहत ते मला कौतुकानं म्हणाले, "तुह्यावर गेली."

मी पदर ओढून चालत राहिले. ती माझ्यावर गेलेली नाही. ती त्यांच्यावर गेली आहे, आणि दोघांनाही ते माहीत नाही.